पिसं टाकणारी कोंबडी विकू नका, तिला पेंड-सुकट घाला



आज जरा कडक लिहिणार आहे. कुणाला लागलं तर लागू द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

भादव्यापासून दिवाळीपर्यंत आमच्या बार्शीकडच्या कुठल्याही आठवडी बाजारात जा. डालग्यात, पिशवीत, पाय बांधून कोंबड्या आलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच कोंबड्यांची मान उघडी, पाठ उघडी, शेपूट गायब. विकायला आलेली बहुतेक बाई असते. तिला विचारलं की उत्तर ठरलेलं. "अंडी बंद केली बघा. पिसं गळाय लागली. काय तरी रोग हाय. मरायच्या आत चार पैसे आलेले बरे." व्यापारी कोंबडी उलटी धरतो, तोंड वाकडं करतो, "हिच्यात काय राहिलंय" म्हणतो आणि निम्म्या भावात टोपलीत टाकतो.

त्या व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की कोंबडीला रोग नाही. पण तो कशाला सांगेल? त्याचा धंदा आपल्या अडाणीपणावर चालतो. माझा राग त्याच्यावर कमी आणि आपल्यावर जास्त आहे. वर्षभर तिची अंडी खाल्ली, विकली, पिल्लं काढली. तिच्या गरजेचे दोन महिने आले की आपण एक तर तिला विकतो, नाही तर तिचा दाणा कमी करतो. "अंडी देत नाही तर खायला कशाला घालायचं?" हे वाक्य मी शंभर घरांत ऐकलं असेल. याच वाक्याशी माझं भांडण आहे.

आधी रोग कुठला आणि पालट कुठला ते बघा

कोंबडी वर्षातून एकदा जुनी पिसं टाकून नवी घेते. साप कात टाकतो तसंच. दिवस लहान व्हायला लागला की तिच्या अंगाला इशारा मिळतो. आपल्याकडे उन्हाळ्यातला मोठा दिवस साधारण तेरा तासांचा आणि थंडीतला लहान दिवस अकरा तासांचा, म्हणजे फरक दोनच तासांचा. म्हणून थंड देशासारख्या सगळ्या कोंबड्या एकदम पिसं टाकत नाहीत. एक भादव्यात टाकते, एक कार्तिकात. एखादी पिल्लं काढून मोकळी झाली की टाकते.

पिसं टाकायला डोक्यापासून सुरुवात होते. डोकं, मान, मग छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपूट. उघड्या कातडीवर हात फिरवला तर सुयांसारखे कोंब हाताला लागतात. तीच नवी पिसं. तुरा आक्रसतो, फिका पडतो. पण डोळा तरतरीत असतो, कोंबडी खाते-पिते, हिंडते. अशी कोंबडी आजारी नाही.

हगवण हिरवी होत असेल, कोंबडी मान टाकून बसत असेल, मान वाकडी होत असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर तो पालट नाही. तो मानमोडीसारखा रोग असू शकतो. तिथं पेंड-सुकट घालत बसू नका, जनावरांच्या डॉक्टरला दाखवा आणि ती कोंबडी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

आणखी दोन-तीन कारणांनी पीस जातं. फक्त पाठीवरचंच गेलं असेल तर कोंबडा चढून चढून गेलं असेल. एका कोंबड्याच्या मागं कोंबड्या कमी असल्या की असं होतं. पोटाखालचं गेलं असेल आणि कोंबडी खुडूक असेल तर अंड्यांना ऊब द्यायला तिनंच उपटलं असेल. शेपटाखाली पिसाच्या मुळाशी पांढऱ्या गुठळ्या दिसल्या तर उवा आहेत. उवांना कोरडी राख आणि मऊ माती एका खड्ड्यात घालून द्या, कोंबडी स्वतः लोळते. जास्तच असतील तर डॉक्टरांकडून औषध घ्या. पण कापसावर, तुरीवर मारायचं कीटकनाशक कोंबडीच्या अंगाला चोळू नका. हे मी उगीच लिहीत नाही, लोक चोळतात. उवा मरतात आणि मागनं कोंबडीपण मरते.

तिच्या अंगावर काय चाललंय त्याचा हिशेब

पीस कशाचं बनतं? आपलं नख, केस, जनावराचं शिंग ज्याचं बनतं त्याचंच. शंभर ग्रॅम सुक्या पिसात पंच्याऐंशी ते नव्वद ग्रॅम निव्वळ प्रोटीन असतं. पीस जाळून बघा, केस जळाल्यासारखा वास येतो. त्या प्रोटीनमध्ये गंधक असतं, त्याचा तो वास.

आता साधा हिशेब करू. आपली गावरान कोंबडी दीड किलोची धरा. तिच्या अंगावरची पिसं तिच्या वजनाच्या पाच-सहा टक्के, म्हणजे ऐंशी-नव्वद ग्रॅम. त्यात प्रोटीन सत्तर-ऐंशी ग्रॅम. गावरान अंडं लहान, त्यात प्रोटीन पाच ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका कोंबडीच्या अंगावरच्या नव्या पिसात चौदा-पंधरा अंड्यांएवढं प्रोटीन जातं.

गावरान कोंबडी एका पाळीला बारा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते. आता सांगा, "कोंबडीनं काम बंद केलं" हे खरं आहे का? तिनं एक अख्खी पाळी स्वतःच्या अंगावर घातली. फक्त ती आपल्याला टोपलीत दिसली नाही, म्हणून आपण म्हणतो ती फुकट खाते.

बरं, हे प्रोटीन आणायचं कुठून? आपण टाकतो ज्वारी. ज्वारीत प्रोटीन दहा टक्के, मक्यात नऊ, बाजरीत अकरा-बारा, तांदळाच्या कण्यांत सात-आठ. त्यात पुन्हा पिसाला जे खास लागतं ते मेथिओनिन, आणि त्याबरोबर लायसिनही, धान्यात कमीच. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या बाजारी खाद्यात सोळा टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं. पिसं टाकताना ते अठरा ते वीसपर्यंत न्यावं लागतं. आपण मात्र तिला दहा टक्क्यांवर ठेवतो आणि वर म्हणतो, चार महिने झाले तरी हिची पिसं येईनात.

पोटातून मिळालं नाही की कोंबडी ते स्वतःच्या अंगातून काढते. छातीचं मांस उतरतं, हाड हाताला लागतं. नाही तर ती दुसरीची पिसं ओढून खायला लागते. "आमच्या कोंबड्या एकमेकींची पिसं खातात" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी जागा अपुरी आहे का ते बघावंच, पण आधी त्यांच्यापुढं काय टाकता तेही बघावं.

"आमची आजी कुठं सुकट घालत होती?"

हा प्रश्न नेहमी येतो आणि प्रश्न चांगला आहे. गावरान कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या बिनखुराकाची पिसं बदलत आली, हे खरंच आहे. पण आजीच्या वेळचं परडं आठवा. दावणीला बैल, गाय, म्हैस. दारात उकिरडा. त्या उकिरड्यात शेणातल्या अळ्या, किडे, गांडुळं. खळ्यावर महिनाभर मळणी, तिथं सांडलेले शेंगा-दाणे, तूर, हुलगा. बैलाच्या नांगरामागं हुमणी निघायची आणि कोंबड्या नांगराच्या मागं मागं चालायच्या. आजीनं सुकट घातली नाही, कारण परडंच कोंबडीला प्रोटीन घालत होतं.

आज काय आहे? बैल विकले, ट्रॅक्टर आला. उकिरड्याच्या जागी पेव्हर ब्लॉक. बांधावर तणनाशक, त्यामुळं गवत नाही आणि गवत नाही म्हणून टोळ नाही. सोयाबीनची मळणी यंत्रानं दोन तासांत, तीही रानात. कोंबडीला राहिलं काय? अंगणातली फरशी आणि सकाळची मूठभर ज्वारी. मी जुन्या काळाचे गोडवे गात नाही, ट्रॅक्टर माझ्याकडेपण आहे. एवढंच म्हणतो की कोंबडीच्या ताटातलं आपण काढून घेतलं, तर ते परत ठेवायची जबाबदारी पण आपलीच.

बाटलीवाल्यांना

आमच्या भावकीतल्या एका वहिनींनी गेल्या वर्षी तालुक्याच्या एका दुकानात पिसं गळतात म्हणून सांगितलं. दुकानदारानं कोंबडी बघितली नाही, काय खायला घालता ते विचारलं नाही. लिव्हरचं टॉनिक, व्हिटॅमिनची बाटली आणि एक पावडरीचं पाकीट हातात दिलं. आठ कोंबड्यांच्या महिन्याच्या अंड्यांचा पैसा गेला. पिसं जशी यायची तशीच आली, ती बाटली नसती तरी आली असती.

बाटलीवर "अमिनो ॲसिड" लिहिलेलं असतं म्हणून लोक भुलतात. तिथंपण हिशेब करा. शंभर मिलीची बाटली. त्यातलं पाणी, रंग, साखर सगळं विसरा आणि धरून चाला की बाटलीभर निव्वळ प्रोटीनच आहे. तरी झालं शंभर ग्रॅम. दहा कोंबड्यांत वाटलं तर एकीला दहा ग्रॅम. पिसाला लागतात सत्तर-ऐंशी. म्हणजे सगळ्यात चांगली बाटली धरली तरी सुद्धा पुरत नाही. व्हिटॅमिनची खरंच कमतरता असेल तर ती द्यावीच, पण ते डॉक्टर सांगेल. घासाचं काम थेंबानं होत नाही.

अझोल्याच्या भक्तांना

मोबाईलवर व्हिडिओ येतात, "अझोला घाला, खर्च शून्य, प्रोटीन पंचवीस टक्के." अझोला वाईट नाही. आमच्याही हौदात आहे, जनावरांना घालतो, कोंबड्यांनापण टाकतो. पण ते पंचवीस टक्के वाळवलेल्या अझोल्यात. ओल्या अझोल्यात शंभरातले चौऱ्याण्णव-पंच्याण्णव भाग पाणी. एक किलो ओला अझोला वाळवला तर हातात पन्नास-साठ ग्रॅम येतो, आणि त्यात प्रोटीन बारा-पंधरा ग्रॅम. तेवढंच प्रोटीन पंचवीस ग्रॅम सुकटीत असतं. कोंबडीचं पोट केवढं? ती किलोभर पाला खाणार आहे का? अझोला हिरवा चारा म्हणून घाला, पिसाच्या भरवशावर घालू नका.

उपाशी ठेवणाऱ्यांना

हा सगळ्यात वाईट सल्ला आणि तो हुशारीनं दिला जातो. "मोठ्या पोल्ट्रीत आठ-दहा दिवस दाणा बंद करतात, पिसं झटकन पडतात, मग पुन्हा अंडी चालू." मोठ्या लेयर फार्मवर असं करत आले, हे खरं आहे. पण भारतीय पशु कल्याण मंडळानं २०११ साली उपाशी ठेवून पिसं पाडायची ही पद्धत बंद करायला सांगितलं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न-पाणी न देणं हा गुन्हाच आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, परसातली कोंबडी कशाला उपाशी ठेवायची? ती तर स्वतःहून पिसं टाकतेय. घर बांधायला काढलेल्या माणसाच्या विटा पळवून नेण्यातला हा प्रकार.

मग घालायचं काय?

दहा कोंबड्यांना एका दिवसाला अर्धा किलो, असं हे माप आहे. कोंबड्या मोकळ्या हिंडत असतील तर एवढं पुरतं.

– बाजरी, ज्वारी किंवा मक्याचा भरडा: ३०० ग्रॅम
– पेंड: १०० ग्रॅम (निम्मी शेंगदाण्याची, निम्मी तिळाची किंवा सूर्यफुलाची)
– सुकट: ५० ग्रॅम, जाडसर कुटून
– गव्हाचा कोंडा किंवा डाळीची चुणी: ५० ग्रॅम

याचं प्रोटीन वीस टक्क्यांच्या आसपास जातं. दोन महिन्यांचं सगळं मिळून तीस किलो होतं. त्यातलं अठरा किलो धान्य तर तुम्ही घालतच होता. नवीन काय आणायचं? सहा किलो पेंड, तीन किलो सुकट आणि तीन किलो कोंडा. तुमच्या बाजारातले भाव घाला आणि दहा कोंबड्या विकून नव्या दहा तलंगा घ्यायला किती लागतात त्याच्याशी ताडून बघा. मी इथं आकडा लिहीत नाही, कारण तुमचा आकडा तुम्हालाच पटेल.

दोन प्रकारची पेंड का? शेंगदाणा पेंडीत प्रोटीन भरपूर, पण मेथिओनिन आणि लायसिन दोन्ही कमी. तिळाच्या आणि सूर्यफुलाच्या पेंडीत मेथिओनिन चांगलं. सुकटीत दोन्ही चांगलं. सगळं थोडं थोडं मिसळलं की एकाचं उणं दुसरं भरून काढतं. आपण भाकरीबरोबर पिठलं का खातो, तशातलीच गोष्ट.

नवरात्रात बऱ्याच घरांत सुकट चालत नाही, काही घरांत कधीच चालत नाही. त्यांनी सुकटीच्या जागी शंभर ग्रॅम सोयाबीन घाला आणि भरडा पन्नास ग्रॅमनं कमी करा. पण सोयाबीन कच्चं घालायचं नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं मोडतो. अर्धा तास चांगलं उकळा, नाही तर वास सुटेपर्यंत भाजा, मग भरडा. घरी पोत्यानं सोयाबीन पडलेलं असतं, भाव नाही म्हणून आपण रडत असतो आणि त्याच घरात कोंबडी प्रोटीनवाचून उघडी फिरत असते. याला काय म्हणायचं?

उधई पण फुकटात मिळते. मडक्यात ओली धसकटं आणि थोडं शेण भरा, वारूळ नव्हे, जिथं उधई लागलीय तिथं रात्री पालथं ठेवा. सकाळी मडकं उचलून कोंबड्यांपुढं झटका. औषध मारलेल्या रानातली उधई मात्र नको. हुमणी निघाली तर वेचून आणा, पोरांना कामाला लावा.

काय घालायचं नाही

– बुरशी आलेली, ढेकूळ झालेली, खवट वासाची शेंगदाणा पेंड. तिच्यात अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते कोंबडीचं लिव्हर खातं. "जनावरांना चालत नाही, कोंबड्यांना टाका" असं करू नका.
– मीठ लावलेला खारा मासा. जास्त मीठ कोंबडीला सोसत नाही. बिनमिठाचा जवळा-सुकट घ्या. खारटपणाची शंका आली तर पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, वाळवून घाला.
– सरकी पेंड. म्हशीला चालते, कोंबडीला नाही.
– मेलेल्या जनावरावरच्या अळ्या. त्यातून विषबाधा होते आणि मान लुळी पडून कोंबडी मरते.
– गरजेपेक्षा जास्त प्रोटीन. चांगलं म्हणून निम्मी सुकट घालाल तर खुराड्यात अमोनियाचा वास डोळ्यात जाईल आणि कोंबडीच्या मूत्रपिंडावर ताण येईल. वीस टक्के म्हणजे वीस टक्के.

पिसं भरून आली, तुरा परत लाल झाला की आठवड्याभरात हळूहळू नेहमीच्या दाण्यावर या. शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून बारीक केलेली टरफलं वेगळ्या वाटीत ठेवा. अंडी बंद असताना तिला चुना फार लागत नाही, लागला तर ती स्वतः खाते.

आणि या दिवसांत तिला सारखी धरू नका. नव्या पिसाच्या कोंबात रक्त असतं, दाबला तर दुखतो, मोडला तर रक्त येतं. पोरांना सांगा, पाठलाग नको. उघड्या कातडीवर हळद-तेल चोळायला पण धरू नका. जखम असेल तर गोष्ट वेगळी.

आपण विकतो कुणाला ते बघा

आता सगळ्यात महत्त्वाचं. चांगली अंडी देणारी कोंबडी सर्वसाधारणपणे उशिरा पिसं टाकते आणि भराभर टाकते. अंडी घालत राहते, घालत राहते आणि मग एकदम उघडी पडते. दोन-अडीच महिन्यांत उरकून पुन्हा अंड्यावर येते. आळशी कोंबडी लवकर सुरू करते आणि एक-एक पीस टाकत चार-पाच महिने काढते. तिला बघून कळतपण नाही की ती पिसं टाकतेय. दिसायला गुबगुबीत, चकचकीत.

पंख उघडून बघा. टोकाकडची मोठी दहा पिसं असतात. एकाच लांबीची दोन-तीन नवी पिसं एकदम वाढत असतील तर ती झपाट्यानं उरकणारी कोंबडी. पायरी-पायरीनं एकेकच वाढत असेल तर रेंगाळणारी. एक मोठं पीस पुरं व्हायला साधारण सहा आठवडे लागतात, त्यामुळं एकदम टाकणारीचा वेळ वाचतो. खुडूक बसणाऱ्या गावरान कोंबडीत हा नियम थोडा इकडंतिकडं होतो, तरी पण बघायची सवय ठेवा.

म्हणजे बाजारात आपण जिला "काय राहिलंय हिच्यात" म्हणून विकतो, ती बऱ्याचदा कळपातली सगळ्यात कामाची कोंबडी असते. आणि घरी ठेवतो ती चकचकीत आळशी. असं पाच वर्षं करा, घरात आळशी कोंबड्यांचीच पैदास राहील. मग म्हणायचं, गावरान कोंबडी आता पहिल्यासारखी राहिली नाही.

तिच्या जागी पिल्लू आणलं तर ते अंड्यावर यायला पाच-सहा महिने. तोपर्यंत कावळा, घार, मांजर, मुंगूस यांच्या तावडीतून वाचलं तर. पिसं टाकणारी कोंबडी मात्र दोन महिन्यांत तयार, तीही तुमचं घर, परडं, कुत्रं सगळं ओळखणारी.

आणि हा नुसता कोंबडीचा प्रश्न नाही. आमच्याकडं दुधाचा पैसा डेअरीतून पुरुषाच्या खात्यावर येतो, उसाचा, सोयाबीनचा पण तिकडंच. अंड्याचा पैसा तेवढा बाईच्या हातात राहतो. पोराची वही, एसटीचं तिकीट, माहेरी जाताना हातात काही. तो मागायला लागत नाही आणि त्याचा हिशेब द्यावा लागत नाही. कोंबडी निम्म्या भावात गेली की तो आधार तुटतो. म्हणून दादा लोकांना सांगतो, म्हशीची पेंड आणताना किलोभर कोंबड्यांची म्हणून वेगळी आणा. "कोंबड्यांना कशाला पेंड" असं म्हणून तिचं तोंड बंद करू नका.

कुणाला पटत नसेल तर भांडायची गरज नाही. दहा कोंबड्या असतील तर पाच-पाचचे दोन भाग करा, पायात रंगीत दोरा बांधा. पाचांना नेहमीची ज्वारी, पाचांना वरचं मिश्रण, खायच्या वेळेपुरतं वेगळं कोंडून. पहिलं पीस पडल्याचा दिवस आणि पहिलं अंडं आल्याचा दिवस कॅलेंडरवर लिहा. दिवाळीनंतर दोन्ही मोजा. जे निघेल ते मला सांगा, चांगलं असो वा वाईट. ज्यांच्याकडं सुकट-पेंड सोडून दुसरं काही स्वस्तात मिळतं, त्यांनी ते पण लिहा. कोकणातल्या आणि विदर्भातल्या मंडळींकडं वेगळं काही असणार, ते आम्हाला पण कळू द्या.

या आठवड्यात बाजाराला निघालाच असाल तर कोंबडी घरीच ठेवा आणि येताना पावशेर सुकट आणा.

राम राम.